वर कोणता फॉल्ट शे?

पिंपळनेर सोडलं तेव्हा चांदणं होतं.
सुमोमध्ये दोरांच्या गुंडाळ्या, सात पोरं-पोरी,
आणि मागच्या बाकावर मी,
साक्री सबडिव्हिजनचा रिटायर वायरमन,
मांडीवर कळण्याच्या भाकरीचं फडकं धरून.

पाड्यावर झुलाल भेटला.
त्याच्या घराचं मीटर मीच बसवलं होतं, सत्त्याण्णव साली.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मग सुळक्याकडं, मग परत माझ्याकडं.
"वायरमनभाऊ, वर कोणता फॉल्ट शे?"

पोरं हसली. मला उत्तर आलं नाही.
पस्तीस वर्षं चढलो ते कुणाच्या तरी अंधारासाठी.
खाली गाव उभं, हातात बॅटऱ्या,
कुणी शिव्या देतंय, कुणी चहा आणतंय,
दिवे आले की लेकरांचा एकच गलका
आणि पटापट दारं लागायची.
मी तेव्हा वरच असायचो.

पोरं ह्याला कावळ्या म्हणतात,
पुण्या-नाशकाहून येतात त्याच्यासाठी.
पाड्यावर नुसता खुंटा.
ठोकून ठेवला आणि जनावर बांधायचं राहून गेलं
असा, माळावर एकटा, काळा, दोनशे चाळीस फूट.

खिंडीपर्यंत मुरूम घसरत होता.
कुसळं मोज्यांत शिरून पोटऱ्यांना टोचत होती.
कांडोळाची पांढरी झाडं उघड्या अंगानं उन्हात उभी,
पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या,
दोन फिरत होत्या, बाकीच्या नुसत्या बघत.

हर्षालीनं माझा पट्टा आवळला.
बक्कल ओढून बघितलं.
पुन्हा ओढून बघितलं.
खाली बघू नका, असं काही ती म्हणाली नाही. तिला माहीत आहे.
आमच्याकडं तिघांत एक पट्टा होता.
धुडकूच्या दिवशी तो माझ्या कमरेला होता.

खडकाला मी आधी हाताची मागची बाजू लावली.
सवय. तारेत करंट असला
आणि तळहात लागला, तर मूठ मिटते, सुटत नाही.
मागची बाजू लागली तर हात झटकला जातो, माणूस वाचतो.
खडक गार होता, बंद लाइनसारखा.
इथं मूठ मिटायलाच हवी होती
आणि माझी मिटेना.

मधे सुळक्याला पोट आहे, तिथं अडकलो.
डावा पाय डीपीसारखा गुणगुणायला लागला.
वरून तिचा आवाज,
"दोर ताणलाय आप्पा. सोडा हात."

पस्तीस वर्षांत
हात सोड, असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

सोडला.
दोरानं मला मांड्यांत धरलं, नुकत्या व्यालेल्या पारडासारखं,
आणि मी हवेत हळूहळू फिरलो,
साक्री, मग कान नदी, मग खडक,
पुन्हा साक्री.

माथा ओट्याएवढा. शेंदूर नाही, झेंडा नाही.
घारीची पांढरी शिट, एक गंजलेली मेख,
आणि वारा, कुणाचीच तक्रार नसलेला.
खिशात हात घातला तर पकड निघाली.
घरून निघताना कधी टाकली, आठवत नाही.
हर्षालीनं पाहिलं. काही बोलली नाही,
भाकरीचा मोठा तुकडा मला दिला.

उतरलो तर झुलाल खाटेवर तसाच.
"काम व्हयनं का?"
काहीच नव्हतं रे वर, म्हटलं.
"मंग इतला टाईम कसाले लागना?"

सुमो घाटात वळली तेव्हा दिवे लागत होते.
दहिवेल. कुडाशी.
वार्सा दोन टप्प्यांत, तिथली डीपी जुनी.
खाली ओढ्याच्या अंगाला एक वस्ती काळीच राहिली.
पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती.
ड्रायव्हरला मी काही सांगितलं नाही,
सांगण्यासारखं काय होतं.
सोलवटलेल्या तळव्यांवर फुंकर घालत
मागच्या काचेतून तेवढ्या काळ्याकडं बघत राहिलो,
वळण येईपर्यंत.

वळण लवकर आलं.